हळदीच्या वायद्याची स्क्रिप्ट आणि डिसेंबरची शिवण

गुरुवारी रात्री जेवणं उरकल्यावर अ‍ॅमीब्रोकर या सॉफ्टवेअरवर हळदीच्या वायद्याच्या खरेदी-विक्रीच्या स्क्रिप्टचं ऑप्टिमायझेशन (नियमातले आकडे बदलून बदलून सगळ्यात चांगले कोणते ते शोधणं) लावलं आणि दूध विरजायला स्वयंपाकघरात गेले. परत येऊन बघते तर सगळं थांबलेलं आणि खाली लाल ओळ. एरर १०. अर्थ असा, की ॲरेतला (म्हणजे भावांच्या रांगेतला) शून्यापासून शेवटच्या बारपर्यंतचाच, म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंतचाच, घटक मागता येतो आणि तुम्ही उणे पाचवा मागितलात. दुपारी हीच स्क्रिप्ट चार्टवर लावली होती, साधा बॅकटेस्टही (जुन्या भावांवर नियमाची चाचणी) चालवला होता. तेव्हा कुठेच काही अडलं नव्हतं.

सांगली-मिरजेतले बरेच जण आता अ‍ॅमीब्रोकरवर स्वतःच्या स्क्रिप्ट लिहितात. ऑप्टिमायझेशनला हात घातला की मग मला फोन येतो, "ताई, चार्टवर तर चालतंय, मग हितं का अडतंय?" तोच प्रश्न या आठवड्यात मलाच पडला, आणि त्याचं उत्तर शोधता शोधता मी भलत्याच ठिकाणी जाऊन पोचले. म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवते.

थोडी पार्श्वभूमी. मी वालचंद कॉलेजात शिकले, पुण्यात काही वर्षं सॉफ्टवेअरची नोकरी केली आणि २०१६ साली गावभागातल्या आमच्या जुन्या घरी परत आले. वडील, म्हणजे अण्णा, मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. उभा जन्म हळदीच्या हिशोबात गेला. यार्डातले काही व्यापारी त्यांच्या ओळखीनं माझ्याकडून एएफएल (अ‍ॅमीब्रोकरची भाषा) स्क्रिप्ट लिहून घेतात. ही स्क्रिप्टही अशाच एका काकांसाठी. त्यांच्या गोदामात माल पडून असतो. भाव घसरायला लागला तर वायद्यात, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्यात, कधी विकून ठेवायचं, एवढंच त्यांना हवं होतं. एनसीडीईएक्स या शेतमालाच्या वायदे बाजारात हळदीचा लॉट (सौद्याचं माप) ५ टनांचा असतो आणि भाव क्विंटलचा बोलतात. म्हणजे भाव १ रुपया हलला की लॉटमागे ५० रुपये. हा ५० चा गुणाकार पुढे महत्त्वाचा आहे.

नियम साधा ठेवला होता. दोन मूव्हिंग ॲव्हरेज, म्हणजे मागच्या काही दिवसांच्या भावाच्या सरकत्या सरासऱ्या, एक जलद (कमी दिवसांची), एक संथ (जास्त दिवसांची). जलद वर गेली की घ्यायचं, खाली आली की विकायचं. बाहेर पडायचं ते मागच्या ठरावीक दिवसांतला नीचांक किंवा उच्चांक तुटल्यावर. तो मोजायला तयार फंक्शन आहे, पण मला सर्किट लागलेले, म्हणजे भाव त्या दिवसाच्या मर्यादेला अडकलेले, दिवस वगळायचे होते. दिवसाचा उच्चांक आणि नीचांक एकच असेल तर त्या भावाला पलीकडे समोरचा माणूसच नसतो. म्हणून मी स्वतःचा लूप (एकेका बारवर तेच काम पुन्हा करणाऱ्या ओळी) लिहिला.

आता एरर १० कडे येते. ऑप्टिमाइझ फंक्शनला आपण चार आकडे देतो. नेहमीची किंमत, किमान, कमाल आणि टप्पा. चार्टवर किंवा साध्या बॅकटेस्टमध्ये हे फंक्शन फक्त पहिली, नेहमीची किंमत परत करतं. बाकीचे आकडे तेव्हा झोपलेले असतात. मी मागे बघायच्या दिवसांना नेहमीची किंमत २० दिली होती आणि पल्ला १० ते ५०, टप्पा ५. लूप मात्र हातानं २० पासून सुरू केलेला. २० दिवस मागे गेलं की शून्य, बरोबर हद्दीवर. ऑप्टिमायझेशनमध्ये १० आला, चाललं. १५ आला, चाललं. २० आला, चाललं. २५ आला आणि विसाव्या बारवरून २५ मागे जायचं म्हणजे उणे ५. लाल ओळीतला तो उणे पाच म्हणजे माझी चूक कुठल्या ओळीत आहे याचा पत्ताच होता. एररचा मजकूर घाईत पुसून टाकू नका, तो आकडा आधी वाचा. लूप २० ऐवजी त्या बदलत्या संख्येपासून सुरू केला आणि ते मिटलं.

दुसरी अडचण लगेच. एरर ७०१, बाय आणि सेल या व्हेरिएबलना किंमतच दिलेली नाही. आणि समोर स्क्रिप्टमध्ये बाय ढळढळीत लिहिलेलं दिसतंय! पहिल्यांदा स्पेलिंग तपासलं. एएफएलला अक्षरं लहान की मोठी यानं फरक पडत नाही हे माहीत असूनही दोनदा तपासलं. मग जलद आणि संथ यांच्या आकड्यांवर नजर गेली. जलद ५ ते ५०, टप्पा ५, म्हणजे १० किमती. संथ २० ते २००, टप्पा १०, म्हणजे १९. दोन्ही मिळून १९० जोड्या, आणि मागे बघायचे दिवस ९ प्रकारचे, म्हणून एकूण १,७१० फेऱ्या. या १९० जोड्यांत अशा १६ आहेत ज्यांत जलद ही संथपेक्षा मोठी किंवा तिच्याएवढीच आहे. म्हणजे जलद ५० आणि संथ २०, असलं काहीतरी. मी शहाणपणानं एक अट घातली होती, की जलद लहान असेल तरच बाय-सेल ठरव. त्या १६ जोड्यांना अट लागू होत नव्हती, म्हणून बाय-सेल जन्मालाच येत नव्हते. सुरुवातीलाच बाय, सेल, शॉर्ट (आधी विकणं), कव्हर (ते परत घेणं) चारही शून्य करून टाकले की झालं.

पण याचं एक शेपूट राहतं. त्या १६ गुणिले ९ म्हणजे १४४ फेऱ्या आता एकही सौदा न करता पार पडतात. नफा शून्य, ड्रॉडाउनही (खात्याची वरच्या पातळीपासूनची घसरण) शून्य. तक्ता ड्रॉडाउनच्या क्रमानं लावला तर या रिकाम्या ओळी सगळ्यात वर जाऊन बसतात. त्या आधी गाळायच्या.

रात्री एक वाजता १,७१० फेऱ्या एररशिवाय पूर्ण झाल्या. पहिल्या ओळीतला नफा बघून माझी झोप उडाली. इतका सरळ वर जाणारा इक्विटी कर्व्ह (खात्यातल्या रकमेचा आलेख) हळदीत मी कधी पाहिला नव्हता. काकांना सकाळी फोन करायचा असं ठरवूनच झोपले.

सकाळी चहा घेताना अण्णांना दाखवलं. त्यांना इक्विटी कर्व्हमध्ये रस नसतो. ते म्हणाले, "सौदे दाखव." सौद्यांची यादी उघडली आणि नफ्याच्या क्रमानं लावली. सगळ्यात मोठा सौदा डिसेंबरातला शॉर्ट होता. महिन्याच्या सुरुवातीला विकलेलं, शेवटच्या आठवड्यात भरून काढलेलं, आणि एकाच दिवसात ८०० रुपयांची घसरण. लॉटमागे ४०,००० रुपये.

"किती पडला म्हणतोय?"

"आठशे, अण्णा."

"एका रात्रीत? यार्डात बोंब झाली असती गं. त्या दिवशी तसलं काय झालेलं मला आठवत नाही."

ते उठले आणि आतून वही घेऊन आले. अण्णांनी नोकरीत असताना दुकानाच्या हिशोबाशिवाय स्वतःची एक वही ठेवली होती. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, आडव्या घडीची. रोज एक ओळ. तारीख, राजापुरी हळकुंडाचा किमान आणि कमाल भाव, गड्ड्याचा भाव, किती पोती आली, आणि शेवटी दोन शब्द. "पाऊस." "सौदे बंद." "मद्रासचे खरेदीदार आले." निवृत्तीनंतरही जुन्या सहकाऱ्याला फोन करून ते ओळ लिहितातच. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या घरातून कपडे सोडून आम्ही या वह्या आधी पोत्यात भरून वर नेल्या. तरी एकीच्या खालच्या कडेला मातकट डाग आहे, आणि तिथली शाई थोडी फुटली आहे.

त्या डिसेंबरचं पान निघालं. २० तारखेच्या आधीचा भाव आणि नंतरचा भाव यांत पन्नाससुद्धा रुपयांचा फरक नव्हता. शेरा एकच, तीन दिवस सलग: "आवक कमी."

मी म्हटलं, "पण अण्णा, वायदा निजामाबादच्या मालावर चालतो. आपल्या राजापुरीचा भाव वेगळा असणारच."

"शंभर-दोनशे इकडंतिकडं असू दे. पण तिकडं आठशे पडले आणि हितं कुणाला वाऱ्यावरही कळलं नाही, असं हुईत नाही." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "ह्यो भाव कुठल्या महिन्याचा लावलायस?"

आणि तिथं मला उमगलं. मी ज्यांच्याकडून डेटा घेते ते सलग चार्टची फाईल देतात. म्हणजे जो वायदा जवळचा त्याचा भाव, तो संपला की पुढच्या वायद्याचा भाव, एकाखाली एक चिकटवलेला. हळदीचा वायदा महिन्याच्या २० तारखेला संपतो. डिसेंबरचा संपला की पुढचा येतो तो थेट एप्रिलचा. माझ्या फाईलमध्ये २० डिसेंबरच्या ओळीखाली एप्रिलच्या वायद्याची ओळ होती. आठशे रुपयांनी भाव पडलाच नव्हता. दोन वेगळ्या वस्तूंचे भाव शेजारी शेजारी ठेवले होते.

अण्णांनी ते माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. "डिसेंबरचा माल म्हणजे जुनी हळद, गोदामातली, पूर्वी हरिपूरच्या पेवातली. एप्रिलचा माल अजून रानात आहे. निघायचा, शिजवायचा, वाळवायचा, पॉलिश व्हायचा. जुनी हळद आणि नवी हळद एका ओळीत कशी लिहिलीस?"

ज्यांना पेव माहीत नसेल त्यांच्यासाठी: हरिपूरला जमिनीत खोल खड्डे करून त्यांत हळद साठवायची पद्धत होती, त्यांना पेव म्हणतात. जुन्या आणि नव्या मालातला फरक हा त्या गावात अक्षरशः जमिनीखालचा आणि जमिनीवरचा फरक होता. मी लहानपणापासून हे बघत आले. तरीही कॉम्प्युटरपुढं बसल्यावर फाईलमधली सलग रेघ मला सलगच वाटली, याचं मला फार वाईट वाटलं.

त्या दिवशी दुपारी सगळे सौदे एकेक करून तपासले. अ‍ॅमीब्रोकरच्या एक्सप्लोरेशनमध्ये तारीख, बंद भाव, आदल्या दिवसाचा बंद भाव आणि ओपन इंटरेस्ट (अजून न मिटलेल्या सौद्यांची संख्या) असे रकाने काढले. वायदा बदलला की ओपन इंटरेस्ट एकदम उडी मारतो, त्यावरून शिवण, म्हणजे दोन वायदे जोडल्याची जागा, कुठे आहे ते नेमकं दिसतं. पहिल्या ओळीच्या सेटिंगमध्ये एकूण ६३ सौदे होते. त्यातले १९ सौदे २० तारीख ओलांडून गेलेले. आणि निम्म्याहून जास्त नफा या १९ सौद्यांतल्या शिवणीच्या फरकाचा होता, जो प्रत्यक्षात कुणाच्याही खात्यात कधी जमा झाला नसता. वायदा पुढे नेताना जुना विकून नवा घ्यावा लागतो. जुन्याचा हिशोब जुन्या भावाला मिटतो आणि नव्याचा नव्या भावानं सुरू होतो. मधला फरक कुणी देत नाही.

मग ऑप्टिमायझरनं निवडलेले आकडेही बोलायला लागले. संथ ॲव्हरेज १८०, मागे बघायचे दिवस ५०. म्हणजे आत गेलं की लवकर बाहेर पडायचंच नाही. मला वाटलं होतं हळदीत मोठा ट्रेंड चालतो म्हणून असं आलं असेल. खरं कारण वेगळं होतं. जो सौदा जितका जास्त दिवस धरून ठेवाल तितक्या जास्त शिवणी त्यात येतात. ऑप्टिमायझरला हळद, पाऊस, आवक यातलं काही कळत नाही. त्याला फाईलमध्ये जिथे नफा दिसेल तिथे तो जातो, आणि माझ्या फाईलमध्ये नफा शिवणीत होता. त्यानं त्याचं काम चोख केलं होतं.

दुरुस्तीचे दोन-तीन मार्ग आहेत. एक, मागचे सगळे भाव शिवणीच्या फरकाएवढे खाली-वर सरकवणं. यात रुपयांतला नफा-तोटा बरोबर येतो, पण बरीच वर्षं मागे गेलं की जुने भाव खोटे पडतात, आणि टक्क्यांत स्टॉपलॉस (तोटा थांबवायची मर्यादा) असेल तर त्याचं गणित बिघडतं. दोन, फरकाऐवजी गुणोत्तरानं सरकवणं. मग टक्के बरोबर, रुपये चूक. मी शेवटी सरकवलेले आणि खरे, दोन्ही भाव ठेवले. सिग्नल सरकवलेल्या भावावर काढले, आणि सौदा मात्र खऱ्या भावावर. वायदा संपण्याआधी पोझिशन सक्तीनं बंद, आणि सिग्नल तसाच असेल तर पुढच्या वायद्यात नव्यानं सुरू, दोन्ही वेळचा खर्च धरून. शिवाय हे २० तारखेला नाही, थोडं आधी. शेवटच्या दिवसांत त्या महिन्यातले व्यवहार आटलेले असतात, डिलिव्हरीची मुदत लागते आणि मार्जिन (ठेवायची अनामत रक्कम) वाढतं. जे काका गोदामातला माल सांभाळतात ते शेवटच्या दिवसापर्यंत तिथं थांबत नाहीत, मग स्क्रिप्टनं का थांबावं?

हे करताना मी आणखी एक चूक केली, आणि तिनं शनिवारचा अख्खा दिवस खाल्ला. शिवणीच्या फरकाची बेरीज मी स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवली. पुन्हा पुन्हा मोजायला नको, वेग वाढेल, असा हिशोब. ऑप्टिमायझेशन लावलं. तक्ता आला. काहीतरी खटकलं म्हणून परत लावलं. तीच फाईल, तेच आकडे, तीच स्क्रिप्ट, आणि तक्ता वेगळा. तिसऱ्यांदा आणखी वेगळा. एररची एकही ओळ नाही.

स्टॅटिक व्हेरिएबल एक फेरी संपली तरी पुसलं जात नाही. आपण काढून टाकेपर्यंत किंवा अ‍ॅमीब्रोकर बंद करेपर्यंत ते तसंच राहतं. मी बेरीज करत होते, पण सुरुवातीला शून्य करत नव्हते. पहिली फेरी बरोबर. दुसऱ्या फेरीला पहिलीची बेरीज आधीच आत. शेवटच्या फेरीपर्यंत भाव कुठल्या कुठे सरकलेले. आणि इंडिव्हिज्युअल ऑप्टिमाइझ (एकाच वस्तूच्या फाईलवरचं ऑप्टिमायझेशन) प्रोसेसरचे सगळे थ्रेड वापरतं, म्हणजे बऱ्याच फेऱ्या एकाच वेळी चालवतं, त्यामुळे कोणती फेरी कधी संपेल याचा क्रम ठरलेला नसतो. म्हणून दर वेळी तक्ता वेगळा. ट्रेसच्या ओळी घालून लॉगच्या खिडकीत ती बेरीज छापली, तेव्हा ती फेरीगणिक फुगत जाताना डोळ्यांसमोर दिसली. साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवली आणि प्रश्न संपला. वेगात म्हणण्यासारखा फरकही पडला नाही.

तेव्हापासून मी एक गोष्ट न चुकता करते. तक्त्यातली वरची ओळ उचलायची, तिचे आकडे स्क्रिप्टमध्ये नेहमीच्या किमती म्हणून घालायचे, अ‍ॅमीब्रोकर बंद करून परत उघडायचं आणि एकच साधा बॅकटेस्ट चालवायचा. रुपयाचाही फरक आला तर पुढे एक पाऊल टाकायचं नाही. आणि वरचे दहा सौदे चार्टवर एकेक करून बघायचे, त्या दिवशी बाजारात खरंच तसं झालं होतं का.

रविवारी संध्याकाळी नवा तक्ता आला. पहिल्या ओळीतला नफा आधीच्या एक-तृतीयांशाहूनही कमी. पण या वेळी पहिल्या ओळीच्या आसपासच्या आकड्यांचे निकालही तिच्यासारखेच आहेत, एकच उंच सुळका आणि बाजूला दरी असं नाही. संथ ॲव्हरेज ७० ठेवा नाहीतर ९०, चित्र फारसं बदलत नाही. शेवटची तीन वर्षं मी ऑप्टिमायझेशनपासून दूर ठेवली होती. त्यांत स्क्रिप्ट नफ्यात आहे, थोड्या.

सोमवारी काकांच्या गाळ्यावर गेले. दोन्ही तक्ते समोर ठेवले. गुरुवार रात्रीचाही ठेवला, कारण तो मी त्यांना दाखवायचं ठरवलंच होतं, आणि तो चूक का आहे हे त्यांना कळायला हवं होतं. त्यांनी जुना तक्ता बाजूला केला, नव्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, "म्हणजे डिसेंबर संपताना जे धरलंय ते सोडायचं, आणि एप्रिल वेगळा मोजायचा?"

"हो."

"ते आम्ही करतोयच की." मग म्हणाले, "बरं झालं, आता मशीनपण करतंय."

आता रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की अण्णा वहीतून वाचतात आणि मी टाइप करते. तारीख, किमान, कमाल, पोती, शेरा. स्क्रिप्टच्या प्रत्येक मोठ्या सौद्याशेजारी त्या दिवशीचा यार्डातला भाव आपोआप दिसेल अशी सोय करतेय. काल २०१० च्या पानावर पोचलो. त्या साली हळद पंधरा हजारांच्या वर गेली होती, आणि दोन वर्षांत चार हजारांच्या घरात आली. पंधरा हजारांच्या आकड्याखाली अण्णांनी निळ्या शाईनं दोन रेघा मारल्या आहेत आणि शेऱ्याच्या जागी लिहिलंय, "पुन्हा विचारून खात्री केली."

शेरा टाइप करायचा का, असं मी विचारलं. ते म्हणाले, "सगळं लिही."